धुळामामांच्या राखीव बाटल्या

सोलापुरातल्या एका जुन्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात सकाळी साडेआठला गुळाचा वास सुटला की समजावं, धुळामामा आले. जिन्याखालच्या चिंचोळ्या खोलीत गॅसवर मोठं पातेलं चढलेलं असायचं. त्यात मक्याचा भरडा, गूळ, यीस्ट आणि घट्टपणासाठी चिनी गवत रटरटत असायचं. पहिल्या वर्षाची मुलं दर जूनमध्ये हमखास फसायची. दारातून डोकावून विचारायची, "मामा, शिरा केलाय का?"

मामा हातातली पळी न थांबवता म्हणायचे, "व्हय. पण पावणं आधी जेवत्यात. तुमी मागनं."

पाहुणे म्हणजे फळमाश्या. पिकल्या केळ्यावर घोंगावतात त्या, तिळाएवढ्या. विभागात त्या शेकड्यांनी पाळलेल्या होत्या. बाटलीत खाली खाणं, वर कापसाचा बोळा, आणि मध्ये माश्यांचा संसार. त्यांना खाऊ घालणं, दर पंधरा दिवसांनी जुन्या बाटलीतून नव्या बाटलीत हलवणं, लेबलं लावणं, हे सगळं धुळा ज्ञानू खरात, प्रयोगशाळा परिचर, यांच्याकडे. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. बेशुद्ध केलेल्या माश्या पांढऱ्या फरशीवर ओतून ते बारीक ब्रशच्या टोकानं नर एकीकडे, माद्या एकीकडे करायचे. त्यांना भिंग लागायचं नाही.

घर सांगोल्याकडच्या माळावरचं, मेंढपाळाचं. वडील ज्ञानू यांनी हयातभर मेंढरं राखली. धुळा दहावी झाला, कुणाच्या तरी ओळखीनं कॉलेजात रोजंदारीवर लागला आणि पुढं कायम झाला. बायको सोजरबाई त्यावर म्हणायची, "मामांजींनी मेंढरं राखली, तुमी चिलटं राखताय. घराण्याची लईच बढती झाली की!" असं म्हणायची आणि डब्यात भाकरी मात्र एक जास्तीची ठेवायची.

पाच-सहा वर्षांपूर्वी इंद्रायणी संशोधनासाठी विभागात आली. बार्शीच्या एका शाळामास्तरांची मुलगी. अंगानं किरकोळ, बोलणं भराभर, आणि कामाला बसली की चहा गार होऊन त्यावर साय धरेपर्यंत भान नसायचं. अवधूत सर तिचे मार्गदर्शक. तिचा विषय ऐकून मामांच्या कानात "हीट" एवढंच शिरलं. सोलापुरात राहून उन्हाचा अभ्यास करायला पीएचडी कशाला लागते, हे त्यांना कळेना. एक दिवस बाटल्या धुता धुता त्यांनी विचारलंच.

"मॅडम, ह्या माश्यांना तुमी तापवता कशापायी?"

इंद्रायणीनं हातातलं पेन ठेवलं. "मामा, अंडं उकडलं की आतलं पांढरं घट्ट होतं. ते गार केलं तर परत पातळ होतं का?"

"कुटलं हुतंय."

"का नाही होत? कारण त्यात जी प्रथिनं असतात, ती म्हणजे लांबलचक धागे असतात, ठरावीक पद्धतीनं घडी घातलेले. घडी नीट असेल तोवरच काम करतात. उष्णता लागली की घडी उलगडते, धागे एकमेकांत अडकतात आणि गोळा होतो. आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत अशी हजारो प्रथिनं आहेत. माशीच्याही. मग पेशी काय करते, जरा जास्त तापलं की बाकीची कामं बाजूला ठेवते आणि एक खास जातीची प्रथिनं भराभर बनवायला लागते. ती जाऊन उलगडलेल्या धाग्यांना धरतात. दुसऱ्याला चिकटू देत नाहीत. घडी परत बसायला मदत करतात. जे दुरुस्तच होणार नाही, ते मोडीत काढायला पाठवतात. त्यांना हीट शॉक प्रोटीन म्हणतात. नाव उष्णतेचं, पण ताप आला, विष गेलं, श्वास कोंडला, तरी पेशी हेच करते."

मामांचे हात पाण्यात तसेच राहिले. "आन् हे कळलं कुणाला?"

"साठ-पासष्ट वर्षांपूर्वी इटलीत. याच माश्यांमध्ये. कुणीतरी चुकून उबवणीच्या पेटीची उष्णता वाढवून ठेवली होती."

मामांना हे फार आवडलं. "बिचाऱ्यानं शिव्या खाल्ल्या आसतील," ते म्हणाले. मग त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. होळी झाली की ज्ञानू कोकरांना एकदम दिवसभर उन्हात नेत नसे. आज घटकाभर, उद्या थोडं जास्त, असं करत करत वैशाखापर्यंत ती पक्की व्हायची. "ज्यानं घाई केली, त्याची कोकरं माळावर पडायची," मामा म्हणाले. इंद्रायणीनं ते वहीत लिहून घेतलं. आपलं बोलणं कुणी वहीत लिहून घेतल्याचं मामांना आठवत नव्हतं. त्या दिवसापासून तिच्या बाटल्यांचा भरडा ते दोनदा चाळायला लागले.

इंद्रायणीनं दोन वर्षं खपून माश्यांचे चार वाण तयार केले. काही उन्हाला सोशीक, काही नाजूक. ते सगळे बीओडीत राहायचे. बीओडी म्हणजे फ्रिजसारखं दिसणारं कपाट, ज्यात बारा महिने पंचवीस अंश राखता येतात. अवधूत सरांचा नियम कडक होता: तिची एकही बाटली बीओडीबाहेर राहता कामा नये. बाहेरच्या हवेतल्या माश्या प्रयोगाला बाद.

मामांनी हा नियम मोडला. मेंढपाळाचं रक्त. जाळीच्या एकाच वाघरात सगळी मेंढरं कोंडू नयेत, हे त्यांनी लहानपणी ऐकलेलं. त्यांनी कुणाला न सांगता चारही वाणांची एकेक राखीव बाटली विभागाबाहेरच्या बोळातल्या लाकडी कपाटात ठेवली. खाली पाण्याचा ट्रे, वरून ओलं पोतं. दर पंधरा दिवसांनी ते गुपचूप त्यांनाही खाऊ घालत.

मे महिना आला. सुट्टी लागली. सर पेपर तपासायला बाहेरगावी, इंद्रायणी चुलतबहिणीच्या लग्नाला बार्शीला. विभागात मामा एकटे. त्या आठवड्यात पारा चव्वेचाळीसवर गेला होता आणि वीज दिवसातून तीनदा यायची-जायची. त्यातच कॉलेजची टाकी कोरडी पडली. शहरात पाणी पाच दिवसांनी येणार होतं. पोतं भिजवायलाही पाणी नाही. सकाळपासून बोळातलं कपाट तापत गेलं. बाराच्या सुमाराला मामांनी आतला तापमापक पाहिला, छत्तीस. माश्या काचेला धरून गपगार बसलेल्या. आता ह्या मरणार, असं त्यांना वाटलं. वीज होती, बीओडी चालू होती. त्यांनी चारही बाटल्या उचलून बीओडीच्या सर्वांत खालच्या फळीवर ठेवल्या आणि जेवायला गेले.

जेवताना दिवा दोनदा भपकन मोठा झाला आणि गेला. परत आला. मामा हात धुऊन वर आले तेव्हा बीओडीचा आकडा लाल झाला होता. एकोणचाळीस. विजेच्या झटक्यानं आतलं यंत्र अडकलं होतं आणि गार करायचं सोडून कपाट तापत सुटलं होतं.

त्यांनी दार उघडलं. वरच्या फळ्यांवरच्या सगळ्या बाटल्यांत माश्या खाण्यावर पडलेल्या होत्या, पंख पसरून. एकही हलत नव्हती. खालच्या चार बाटल्यांतही तेच. मामांनी एकेक बाटली बाहेर काढून फरशीवर मांडली. मग स्टुलावर बसून त्यांनी इंद्रायणीला फोन लावला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून जे होतं तेच बोलले.

"मॅडम, सगळं ग्येलं. तुमी या."

ती मांडवातल्या साडीवरच एसटीत बसली. पोचली तेव्हा सहा वाजत आले होते. मामा अजून फरशीवरच होते, पुठ्ठ्यानं बाटल्यांना वारा घालत. ती एकेक बाटली उचलून उजेडाकडे धरत गेली आणि खाली ठेवत गेली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती ते पुसतही नव्हती. मामांना आपल्याच घरचं माणूस रडतंय असं झालं.

शेवटच्या चार बाटल्यांपाशी ती थांबली. "मामा, ह्या कुठल्या? ह्यावर माझं लेबल नाही."

मामांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. नियम कसा मोडला, कपाट, ओलं पोतं, दुपारी उचलून आत ठेवलेल्या बाटल्या. "रागवा मला," ते म्हणाले.

ती रागावली नाही. तिनं बाटली आडवी धरली आणि डोळा काचेला लावला. एक माशी पाठीवर पडलेली होती. तिचा मागचा पाय हलला. मग शेजारचीचा. पाच-सात मिनिटांत त्या बाटलीतल्या दहा-बारा माश्या उलट्याच्या सुलट्या झाल्या आणि पंख झाडायला लागल्या. बाकीच्या तीन बाटल्यांतही तसंच झालं.

"मामा," ती म्हणाली, "ह्या सकाळपासून छत्तीस अंशांत होत्या?"

"व्हय. हळूहळू तापल्या की."

"म्हणून जगल्या! त्यांच्या पेशींनी सकाळीच तयारी करून ठेवली होती. ती प्रथिनं आधीच तयार होती. बीओडीतल्या बिचाऱ्या पंचवीसातून एकदम एकोणचाळीसात गेल्या, त्यांना वेळच मिळाला नाही." आणि ती साडीच्या पदरानं नाक पुसत हसायला लागली. मामाही हसले.

धोका टळला नव्हता. एवढ्या उष्णतेत राहिलेले नर काही दिवस वांझ होतात, हे मामांना अनुभवानं माहीत होतं. उरलेल्या माश्या म्हाताऱ्या होऊन मेल्या आणि पुढची पिढीच आली नाही, तर वाण संपले. दुसऱ्या विभागातून बीओडी मागून आणली, चारही बाटल्या पंचवीसात ठेवल्या. मामा रोज सकाळी आल्याबरोबर आधी तिकडं जायचे. चौथ्या दिवशी काही नाही. सहाव्या दिवशी काही नाही. नवव्या दिवशी त्यांना एका बाटलीत, खाण्याच्या कडेला, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक काहीतरी वळवळताना दिसलं. पाठोपाठ बाकीच्या तिन्ही बाटल्यांत. मामांनी इंद्रायणीला फोन केला आणि यावेळी त्यांना शब्द शोधावे लागले नाहीत.

अवधूत सर परत आल्यावर आधी मामांवर चिडले. नियम मोडला तो मोडलाच. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "उद्यापासून राखीव संच दुसऱ्या खोलीत ठेवायचा. रीतसर, नोंद करून. तुमच्या ताब्यात." इंद्रायणीनं तोच प्रकार नीट मोजून-मापून सहा वेळा करून पाहिला. तासभर छत्तीस अंश सोसलेल्या माश्या पुढच्या जबर उष्णतेतून बऱ्याच वाचत, न सोसलेल्या क्वचित. जगाला हे आधीपासून ठाऊक आहे, हे तिनं मामांना स्पष्ट सांगितलं. पण तिच्या चार वाणांत कोण किती लवकर तयारी करतो, हे नवं होतं, आणि ते वाण मामांमुळे उरले होते.

पुढच्या वर्षी संक्रांतीनंतर सोजरबाईला छातीत गाठ लागली. आधी तिनं ती लपवली, मग एका दुपारी भाकऱ्या थापताना हात थांबवून सांगितलं. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर होता. लवकर ऑपरेशन करू, म्हणाले. मामांनी मान हलवली, घरी आले आणि ऑपरेशनची तारीख घेतलीच नाही. त्याऐवजी सोजरबाईला रोज सकाळी गच्चीवर उन्हात बसवायला लागले. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, दुसऱ्या दिवशी वीस. सोजरबाई डोक्यावर पदर घेऊन मुकाट बसायची. नवऱ्यानं इतक्या मायेनं शेजारी बसून पाणी द्यावं, हे तिला नवं होतं.

अकराव्या दिवशी मामांनी इंद्रायणीला सगळं सांगितलं. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर आशा होती. "मॅडम, तिच्या अंगात तुमची ती प्रथिनं वाढली की ती तगंल न्हवं? माश्या तगल्या तशी?"

इंद्रायणीचा चेहरा उतरला. तिनं खोलीचं दार लोटलं आणि मामांना खुर्चीवर बसवलं. मामा तिच्यासमोर खुर्चीवर बसल्याचं हे पहिल्यांदाच.

"मामा, मी बोलते ते नीट ऐका. कॅन्सरच्या पेशीही पेशीच असतात. त्या वेड्यासारख्या वाढत असतात, त्यांच्यातली प्रथिनं वाकडी-तिकडी झालेली असतात. खरं तर त्या आपल्याच गोंधळानं मरायला हव्यात. पण मरत नाहीत. का? कारण त्या हीच प्रथिनं ढिगानं बनवतात. तीच त्यांना सावरून धरतात."

मामांनी विचारलं, "म्हंजी ती प्रथिनं वैऱ्याला सामील हायत?"

"ती कुणालाच सामील नाहीत. ज्या पेशीत असतील त्या पेशीला जगवतात. पेशी चांगली की वाईट, हे त्यांना कळत नाही. कुठं ती कमी पडली तरी रोग होतो. म्हातारपणी मेंदूत बिघडलेल्या प्रथिनांच्या गुठळ्या साचतात ना, तिथं ही मदत अपुरी पडते. आणि कुठं जास्त झाली तरी रोगाला बळ मिळतं. काही औषधं कॅन्सरमध्ये त्यांना अडवायला बघतायत, पण चांगल्या पेशींनाही तीच लागतात, म्हणून ते सोपं नाही. आणि गच्चीवरच्या कोवळ्या उन्हानं गाठीचं बरं-वाईट काहीच होत नाही. फक्त दिवस जातायत, मामा. आज तारीख घ्या."

मामा उठले. दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "मी तिला आकरा दिस बसीवलं वो."

"अकराच झालेत," इंद्रायणी म्हणाली. "मी येते तुमच्याबरोबर."

ती खरंच आली. तारीख घेऊन दोघं घरी गेले. मामांनी बायकोसमोर आपली चूक कबूल केली. सोजरबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला वाटलं, लाडानं बसीवताय. तुमी तर माझं वाळवण घातलं हुतं!" मग इंद्रायणीकडे वळली, "बाई, तुमी ह्येंना लई शिकवू नका. अर्धं ऐकत्यात आन् पुरं करत्यात." इंद्रायणीला हसावं की रडावं कळेना. मामा मात्र भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

ऑपरेशन झालं. अकरा दिवसांनी फारसा फरक पडला नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मामांना महिन्याभरात पहिल्यांदा झोप लागली. त्यानंतर सहा वेळा औषधाचं सलाइन. दुसऱ्या सलाइननंतर सोजरबाईचे केस उशीवर गळायला लागले. तिनं नवऱ्यालाच कात्री आणायला सांगितलं. मामांनी लहानपणी वडिलांबरोबर मेंढरं भादरली होती, हात सराईत होता, पण त्या दिवशी कात्री चालेना. शेवटी सोजरबाईच म्हणाली, "आवो, कातरा की. लोकर परत येती." ती केसांची गोष्ट करत होती, पण मामांनी त्या वाक्याला पुढचे सहा महिने धरून ठेवलं.

प्रयोगशाळेत मात्र ते काही आठवडे गप्प झाले होते. माश्यांवर त्यांचा राग नव्हता, पण पहिल्यासारखं बोलणंही नव्हतं. बाटल्या धुवायच्या, भरायच्या, निघायचं. एक दिवस इंद्रायणी नव्या औषधाचा लेख वाचत होती तेव्हा ते पाठीमागे येऊन उभे राहिले. "त्यात काय म्हणत्यात?" त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. मग रोजच. सोजरबाईला सलाइन चढत असताना शेजारी बसून ते तिला हे सगळं आपल्या भाषेत सांगत. ती ऐकत ऐकत डोळे मिटायची. तिला त्यातलं किती कळायचं कोण जाणे, पण नर्सनं एकदा विचारलं, "आजी, मामा एवढं काय बोलतात?" तेव्हा ती म्हणाली, "अंगातल्या कामाचं सांगत्यात. मला झ्वाप चांगली लागती."

आता त्याला दोन वर्षं होतील. तपासण्या आतापर्यंत चांगल्या आल्या आहेत. डॉक्टर अजून "बरी झाली" म्हणत नाहीत, "चांगलं चाललंय" म्हणतात. मामांना तेवढं पुरतं. सोजरबाईचे केस परत आले, पहिल्यापेक्षा कुरळे, आणि ती ते आरशात पाहून हसते.

इंद्रायणीला पीएचडी मिळाली आणि गेल्या जूनमध्ये बार्शीच्या एका कॉलेजात नोकरीही. तिथं प्रयोगशाळा नवी, कपाटं नवी, पण माश्या नाहीत. तिनं फोन केला. कुरिअरनं पाठवल्या तर वाटेत मरतील, असं मामांनी ठरवलं. अवधूत सरांची परवानगी घेऊन त्यांनी थर्मोकोलच्या पेटीत चारही वाणांच्या बाटल्या बसवल्या आणि सकाळची सहाची बार्शी एसटी धरली. सोजरबाई म्हणाली, "मी बी येती. बाईंचं घर बघायचंय." ती आली.

कंडक्टरनं पेटीकडे बोट दाखवून विचारलं, "काय हाय आत?"

"माश्या," मामा म्हणाले.

कंडक्टरनं एकदा मामांकडे पाहिलं, एकदा सोजरबाईकडे. "आजी, खरं हाय?"

"व्हय की," सोजरबाई म्हणाली. "पण शिकलेल्या हायत."

कंडक्टर हसत पुढं गेला. दोघं डाव्या बाजूला बसले होते, सावलीत. पेटी सोजरबाईच्या मांडीवर. वैरागच्या अलीकडं रस्ता वळला आणि ऊन खिडकीतून आत आलं. मामा उठले, तीही उठली, आणि धावत्या गाडीत पेटी सांभाळत दोघांनी पलीकडच्या बाकावर जागा घेतली. बार्शीच्या स्टँडवर इंद्रायणी उभीच होती. तिनं तिथंच पेटीचं झाकण उघडून बाटली उजेडाला धरली.

"सगळ्या?" मामांनी विचारलं.

"सगळ्या," ती म्हणाली, आणि वाकून आधी सोजरबाईच्या पाया पडली.